दुधात उतरणारं औषध

विहिरीवरच्या रहाटाचा दांडा माझ्या हनुवटीवर बसला, तेव्हा माझी मुलगी पाच महिन्यांची होती. बेलापूरला एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन आम्ही राहत होतो. हे कालव्याच्या कचेरीत कारकून होते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि ही मुलगी. लढाई चालू होती, रॉकेल आणि साखर मापून मिळे. पण विहिरीला पाणी भरपूर होतं, दूध मालकांच्या गोठ्यातून येई, आणि आमचं बरं चाललं होतं.

त्या सकाळी मी पाणी शेंदत होते. भरलेली बादली काठाशी आली, ती धरायला मी एक हात पुढे केला आणि दुसऱ्या ओल्या हातातून दांडा निसटला. बादली खाली धावली तसा लोखंडी दांडा उलटा गरगरला. तोंडात काहीतरी खडखडलं आणि मी मटकन खाली बसले, एवढंच मला आठवतं. लगेच दुखलं नाही. जीभ फिरवली तर खालच्या दातांची ओळ मध्येच तुटून वरखाली झालेली लागली. सासूबाईंना हाक मारायला गेले तर हनुवटी माझ्या ताब्यात नव्हती. डावा भाग एकीकडे जात होता, उजवा दुसरीकडे.

गावातल्या वैद्यबुवांनी आंबेहळदीचा लेप लावायला सांगितला. सासूबाईंनी तो उगाळायलाही घेतला होता. पण हे कचेरीतून आले, माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आणि आपलं उपरणं माझ्या हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली. दुपारच्या गाडीनं आम्ही नगरला निघालो. मुलगी अंगावर पिणारी, म्हणून ती बरोबर, आणि तिला सांभाळायला सासूबाई. गाडीत मी तिला पदराखाली घेतलं. माझ्या तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत होती, ती तिच्या टाळूवर पडू नये म्हणून मान एका बाजूला धरून बसले होते. ती मात्र पोटभर प्यायली आणि झोपली.

नगरच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर उतारवयाचे होते. हळू आवाजात बोलत. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. त्यांनी हनुवटीखाली चीर देऊन हाडाची टोकं तारेनं जुळवली, आणि ती हलू नयेत म्हणून वरचे आणि खालचे दात एकमेकांना बारीक तारांनी आवळून बांधून टाकले. एक दाढ काढली होती. त्या फटीतून नळीनं पातळ अन्न घ्यायचं. हे सगळं मला नंतर समजलं. भूल उतरली तेव्हा कळलं ते फक्त एवढंच, की तोंड उघडत नाही. मी इतकी घाबरले की नाकानं श्वास घेता येतो हेच विसरले. नर्सबाईंनी माझं नाक स्वतःच्या बोटानं दाखवलं आणि बराच वेळ हात धरून बसल्या.

दुखण्यावर त्या सुई टोचत. त्या सुईनं दुखणं जात नसे, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटे. बाहेर व्हरांड्यात माझी मुलगी रडत होती, तेही दुसऱ्या कुणाचं तरी मूल रडत असावं तसं कानावर यायचं. पुढे ती सुई बंद झाली, आणि दुखणं आणि रडणं दोन्ही माझं झालं.

मग गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी यांना बाजूला न घेता माझ्यासमोरच सांगितलं, याचं मला बरं वाटलं. तोंडातली जखम काही केल्या स्वच्छ राहत नाही, हाडात पू झाला तर कितीही तारा बांधल्या तरी उपयोग नाही, म्हणून सल्फाच्या गोळ्या घ्यायच्या, असं ते म्हणाले. गोळी कुटून पाण्यात कालवायची, बरोबर चिमूटभर खायचा सोडा घ्यायचा, दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. ओठ आणि नखं जरा निळसर होतील, मळमळेल, त्याला घाबरायचं नाही. दिवसातून अनेकदा जांभळ्या पाण्याच्या पिचकारीनं तोंड धुवायचं. हाड भरून यायला त्यांनी माशाचं तेलही सांगितलं. यांनी चाचरत आमच्यात ते चालत नसल्याचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याऐवजी चुन्यासारखी पांढरी भुकटी लिहून दिली.

ते निघणार तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या चोळीकडे गेलं. ती दोन्हीकडे भिजली होती.

“बाळ अंगावर पितं का?” त्यांनी यांना विचारलं. हे हो म्हणाले. “मग ते थांबवावं लागेल. ही गोळी दुधात उतरते. थोडीच उतरते, पण एवढ्या लहान जिवाला ती काय करील, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.”

सासूबाई दाराशी मुलीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि बाहेर गेल्या. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? लिहून बोलायला पाटी दिली होती माझ्याजवळ, पण त्या वेळी पेन्सिलच मला सापडेना.

दूध काही औषधाचं ऐकून थांबत नाही. छाती दगडासारखी होई, मग नर्सबाई ते एका वाडग्यात काढत. पहिल्या दिवशी त्या ते मोरीत ओतायला निघाल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना अडवलं. आईचं दूध कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्या तो वाडगा घेऊन आवारातल्या कडुलिंबाशी जात, माती उकरून त्यात दूध ओतत आणि वर माती सारत. खाटेवरून मला खिडकीतून त्या दिसत. पांढऱ्या केसांवरून ओढलेला तांबडा पदर, उकिडवं बसणं, आणि एका हातानं माती सारणं. तिकडे मुलीला गाईच्या पाणी घातलेल्या दुधावर ठेवलं होतं. चांदीच्या बोंडल्यानं सासूबाई ते तिच्या घशात घालत आणि ती अर्धं ओठांच्या कडेनं बाहेर काढी.

यांची रजा संपत आली म्हणून डॉक्टरांनी आम्हाला घरी जायची परवानगी दिली. निघताना यांच्या हातात त्यांनी तार कापायची एक लहान पक्कड दिली. माझे ओठ बोटांनी बाजूला करून दातांवरच्या तारा दाखवल्या.

“ओकारी आली तर कुणाची वाट बघू नका,” ते म्हणाले. “या तारा कापायच्या. जबडा मला पुन्हा बांधता येईल. गुदमरल्या तर मला काही करता येणार नाही.”

यांनी ती पक्कड माझ्या खाटेशेजारच्या खुंटीला सुतळीनं टांगून ठेवली. कचेरीत जाताना रोज एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून जात. सासूबाईंना ती कशी धरायची हे यांनी दाखवलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हात लावला नाही.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे हे घरात नसताना माझी पाटी कुचकामी. दातांच्या फटीतून मी काहीतरी घोगरं बोले, ते त्यांना कळत नसे, आणि त्या चिडत. माझ्यावर नव्हे, काय करावं ते कळत नसे म्हणून. त्यातच मुलीचं पोट बिघडलं. गाईचं दूध तिला मानवेना. दिवसभर हिरवे जुलाब व्हायचे, टाळू खोल गेली, रडण्याचा आवाज बारीक झाला. मी पलीकडच्या खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकत असे. माझ्या चोळीत दूध होतं आणि त्या दुधात गोळी उतरलेली होती.

एका दुपारी तिचं रडणं एकदम थांबलं. मी उठून भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले. सासूबाई घरात नव्हत्या, मुलगीही नव्हती. आमच्या खोलीची आणि मालकांच्या घराची भिंत एकच होती. त्या भिंतीपलीकडून हळू आवाज आला, कुणीतरी थोपटत असल्याचा, आणि मग मूल घाईघाईनं पिताना करतं तसा गुटगुट आवाज. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. माझं दूध आपोआप वाहायला लागलं आणि लुगडं पोटापर्यंत ओलं झालं.

मालकांच्या थोरल्या सुनेला सगळे थोरलीच म्हणत. तिचा मुलगा दीड वर्षाचा होता आणि अजून अंगावर पीत होता. सासूबाई स्वतः मुलीला घेऊन तिच्याकडे गेल्या होत्या. सोवळं-ओवळं कडक पाळणाऱ्या, मालकांच्या घरचं पाणीही न घेणाऱ्या त्या बाईंनी तिच्यासमोर मुलीला धरलं आणि एवढंच म्हणाल्या, की हिला घे. थोरलीनं काही विचारलं नाही, असं तिनंच मला पुढे सांगितलं.

त्या दिवसापासून ती दिवसातून पाच-सहा वेळा येऊ लागली. आमच्या उंबऱ्यावर बसून पाजायची, म्हणजे मला मुलगी दिसावी. माझं घोगरं बोलणं तिला बरोबर कळे. पहिल्याच दिवशी मी तिला दातांतून कसंबसं विचारलं, की तुझ्या मुलाला पुरेल का?

“त्यो खातोय की आता भाकरी,” ती म्हणाली. “हिला दात तरी कुटं हायेत? तुमी गोळ्या घ्या, वैनी. बाकीचं मनात आनू नका.”

सासूबाई तिच्यासाठी रोज काहीतरी करू लागल्या. कधी डिंकाचे लाडू, कधी अळिवाची खीर, मालकांच्याच गुऱ्हाळातल्या गुळात केलेली. ते ताट त्या तिच्यासमोर ठेवत आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहत. मला नळीनं भाताची पेज, ताक, वरणाचं पाणी पाजून झालं, की लगेच तिचं ताट. आम्हा दोघींची भूक त्या एकाच मापानं मोजत होत्या असं वाटे.

गोळ्या मात्र मला सोसेनात. पोलीस चौकीवरच्या टोलावर यांनी वेळा ठरवून दिल्या होत्या. टोल ऐकला की पोटात ढवळायला लागे, अजून गोळी कुटलीही नसायची. ओठ निळे-जांभळे झाले. आरशात पाहिलं तर बुडून मेलेल्या माणसासारखी दिसत होते. डॉक्टरांनी हे सांगून ठेवलंय, असं हे म्हणत; पण सासूबाई माझी नखं उजेडात धरून बघत आणि हात खाली ठेवत.

आणि मग ते झालंच. भर दुपारची वेळ, हे कचेरीत. गोळी घेऊन मी पडले होते. थोरली उंबऱ्यावर मुलीला पाजत होती, सासूबाई सोवळ्यात चुलीपुढे. पोटातून एकदम उसळून आलं. तोंड बंद, सगळं घशात आणि नाकात भरलं. श्वास अडला. मी हातानं खाटेचं लाकूड बडवलं. थोरलीनं मुलीला तिथेच जमिनीवर ठेवलं, धावत येऊन मला उपडं केलं आणि माझं डोकं खाटेच्या कडेवरून खाली लोंबतं धरलं. सासूबाई सोवळ्यातच आल्या. खुंटीवरची पक्कड ओढून काढली, सुतळीसकट, आणि माझे ओठ बोटांनी फाकवून उजवीकडच्या तारा कापल्या. एक कापली, दुसरी कापली, तिसरी सापडेना. माझ्या जिभेला लोखंड लागलं. मग उजवीकडून दात जरासे सुटले आणि सगळं बाहेर पडलं. श्वास आला. मी खोकत होते, मुलगी जमिनीवर पडून ओरडत होती, आणि सासूबाई पक्कड हातात धरून खाली बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात माझ्या ओकारीनं भरलेले होते. ते धुवायलाही त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

संध्याकाळी हे आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, “त्या गोळ्या आता हिला द्यायच्या नाहीत. नगरला हिला मारायला का पाठवली होती?”

हे म्हणाले, उद्याच नगरला जाऊ, तारा परत बांधायला हव्यात. सासूबाई म्हणाल्या, अंगात त्राण तरी येऊ दे, मग ने. हे माझ्याकडे बघत राहिले. मी पाटी घेतली नाही. गोळ्या थांबल्या, तर दूध पुन्हा मुलीला देता येणार होतं, हे माझ्या मनात होतं. सासूबाईंना मी मरेन अशी धास्ती होती. यांना आईपुढे बोलवत नव्हतं. तिघांची कारणं वेगळी होती, आणि गोळ्यांची बाटली वरच्या फळीवर गेली.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. ओठांचा रंग परत आला, मळमळ गेली. गोळीचा अंश अंगातून निघून जावा म्हणून थोडं थांबून मी मुलीला जवळ घेतलं. तिनं तोंड लावलं, दोनदा ओढलं, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. थोरलीचा वास तिच्या सवयीचा झाला होता. दूधही आता कमी झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी ती जरा जास्त प्यायली, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. थोरली उंबऱ्यावर बसून हसत होती. सासूबाईंनी देवापुढे गूळ ठेवला.

मग उजव्या बाजूला, जिथे तारा सुटल्या होत्या, तिथे ठणका लागला. सकाळी जबड्याखाली सुपारीएवढी गाठ, संध्याकाळी लिंबाएवढी. तोंडाला वास येऊ लागला. मलाच तो सहन होईना, आणि मुलगी जवळ घेतली की तोंड फिरवू लागली. ताप चढला. यांनी या वेळी कुणाला विचारलं नाही. टांगा बोलावला आणि मला उचलून त्यात बसवलं. मुलगी सासूबाईंजवळ राहिली.

नगरला डॉक्टरांनी तोंड बघितलं. कापलेल्या तारांकडे बघून म्हणाले, की कापल्या ते बरोबर केलंत, नाहीतर ही आज इथे नसती. मग गाठ दाबून पाहिली आणि विचारलं, “गोळ्या कुणी बंद केल्या?”

हे म्हणाले, “मी.”

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की या औषधाचं असं आहे, अर्धवट घेतलं तर न घेतल्यापेक्षा वाईट. गाठ फोडून त्यांनी पू काढला, हाडाची एक कपची काढली, तारा पुन्हा बांधल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि या वेळी दवाखान्यातच, त्यांच्या नजरेखाली. थोडं दूध पिऊन झाल्यावर गोळी, वेळ वाढवून, मळमळीवर वेगळी पुडी. पुन्हा ओकारी आली नाही. पहिल्याच वेळी असं का दिलं नाही, हे विचारावंसं मला वाटलं होतं.

त्या मुक्कामात माझं दूध आटलं. नर्सबाईंनी छातीवर कापूर लावून घट्ट पट्टा बांधला. दोन-तीन दिवस ठणकलं, मग काहीच वाटेनासं झालं. हे रविवारी येत. मी पाटीवर लिही, ‘रडते का?’ हे म्हणत, नाही, बाळसं धरलंय, मजेत आहे. मुलगी मजेत असावी हेच मला हवं होतं. तरी हे गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राही.

तिकडे सगळं मजेत नव्हतं, ते मला घरी गेल्यावर कळलं. थोरलीच्या मुलाला खोकला आणि जुलाब लागले होते. तिची आजेसासू, मालकांची म्हातारी आई, एके दिवशी बोललीच, की लोकाच्या पोरीला पाजून आपलं पोर वाळवलंस. थोरली दोन दिवस आली नाही. सासूबाईंनी पुन्हा बोंडलं काढलं. मुलगी ते घेईना. तिसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन मालकांच्या ओसरीवर जाऊन बसल्या, थेट म्हातारीपुढे. थोरली आत दळत होती, तिनं सगळं ऐकलं.

सासूबाई म्हणाल्या, “तुमचं काही चुकलं नाही. मीही हेच बोलले असते. पण पोर घेऊन आलेय. परत ने म्हणालात तर परत नेते.”

म्हातारी आत बघून म्हणाली, “पाज तिला. पर आदी आपल्या पोराला, मग हिला.”

त्यानंतर तसंच चाललं. मुलगा दवाखान्याच्या औषधानं बरा झाला, पण पुढे कितीतरी दिवस त्याच्या बरगड्या दिसायच्या. तो अंगणात खेळताना दिसला की मला नजर दुसरीकडे न्यावी लागे.

तारा निघाल्या तेव्हा तोंड जेमतेम एक बोट उघडत होतं. दात एकमेकांवर नीट बसत नव्हते. हाड किंचित तिरकं जुळलं होतं. हनुवटी आणि खालचा ओठ बधिर झाला होता. पेजेचा घास ओठावरून ओघळला तरी मला कळत नसे, समोरच्यानं सांगावं लागे. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पू नाही, हे पुष्कळ झालं. ते खरंच होतं. दवाखान्यात पुरुषांच्या बाजूला माझ्यासारखाच जबडा मोडलेला एक गाडीवान होता. तो वाचला नव्हता.

मी घरी आले तेव्हा मुलगी बसायला लागली होती. मला बघून तिनं थोरलीच्या पदरात तोंड लपवलं. मी जवळ घेतलं की अंग ताठ करून रडायची. बधिर ओठानं मी पापा घेतला तर मला तो लागलाच नाही. थोरलीला हे बघवत नव्हतं.

“मी हितं दिसत ऱ्हायले तर ती तुमच्याकडं यायची न्हाई,” ती म्हणाली. “तिला आता वरचं चालतंय. मी चार दिस वस्तीवर रानात जाऊन ऱ्हाते.”

ती गेली. मुलगी दिवसभर दाराकडे बघून रडायची. तिसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात थोरली परत आली. रानातून पायी आली होती. नुसती दारात उभी राहिली. तिची चोळी ओली झाली होती. मी मुलगी उचलली आणि तिच्या मांडीवर दिली. मग आम्ही ते पुन्हा कधी तोडायचा प्रयत्न केला नाही.

ते शेवटी बदलीनं तुटलं. यांची बदली श्रीगोंदे तालुक्यात काष्टीला झाली. निघायच्या दिवशी थोरली घरी नव्हती, मळ्यात गेली होती. टांगा उभा असताना सासूबाई मुलीला घेऊन मळ्याच्या वाटेनं गेल्या. कितीतरी वेळानं परत आल्या. तिथे काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मुलीच्या गालावर काजळाचा मोठा ठिपका होता.

काष्टीला पहिले काही महिने फार वाईट गेले. आठवड्याच्या बाजारात मी तिला कडेवर घेऊन जाई. भाजी विकणारी एखादी बाई मोठ्या आवाजात “घ्या की वैनी, लई ताजी हाय” असं म्हणाली, की मुलगी एकदम तिकडे झेपावायची, दोन्ही हात पुढे करून. बायका हसत. कुणी कौतुकानं तिला घेतही. मग तिला कळे की ही ती नव्हे, आणि ती माझ्याकडे परत येई, रडत नाही, अगदी गप्प. ते गप्प राहणं मला रडण्यापेक्षा जड जाई.

मला अजून चावता येत नव्हतं. सासूबाई दुधात भाकरी कुस्करून तिचा मऊ काला करत आणि तो मी खाई. मुलीलाही दोन दात आले होते, तिच्यासाठीही तोच काला. एके दिवशी त्यांना दोन वाट्यांचा कंटाळा आला असेल, त्यांनी एकाच ताटलीत वाढलं आणि ताटली आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली. मुलीनं मुठीनं थोडा काला उचलला, निम्मा सांडला, राहिलेला तोंडात घातला. मी एक घास घेतला. तो माझ्या हनुवटीवर ओघळला असावा, मला कळलं नाही. ती हात थांबवून बघत राहिली. मग रांगत माझ्या मांडीवर चढली आणि माझ्या हनुवटीवरचा भाकरीचा घास तिनं आपल्या बोटांनी काढला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

सासूबाई चुलीपुढून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “खाऊ दे. अजून कुस्करते.”